यजमान

सत्काराच्या दिवशी निवेदन करणाऱ्या मुलीनं
माइकवरूनच विचारलं,
"मॅडम, आपले यजमान काय करतात?"
मी म्हटलं, पोहतात.
सभागृह हसलं. मी विनोद केला नव्हता.

बत्तीस वर्षं यजमानांचीच वही लिहिली:
वाम, मरळ, शिंगाळा.
कृष्णेच्या पोटात ते,
त्यांच्या पोटात लेंग्याच्या नाडीसारखे
पांढरे, चपटे, घड्या पडलेले
माझे कृमी.

आई म्हणायची, मगदुमांच्या घरात कांदा येत नाही
आणि ही मासळीची आतडी निवडते,
मेथी निवडावी तशी.
परसातल्या न्हाणीत दोन घागरी डोक्यावरून घेतल्याखेरीज
चौकटीला हात लावायचा नाही.
चातुर्मासात ती एक उपास जास्तीचा धरायची.
माशासाठी, किड्यासाठी की माझ्यासाठी,
विचारायचं राहिलं.

एकही मासा मी मारला नाही. मारायचा येसबा भोई.
हरिपूरच्या संगमावरून पहाटे निघायचा
सायकलच्या कॅरिअरला घमेलं बांधून.
मासळी बाजाराला, आतडी मला.
"फेकायचीच की," म्हणायचा. पैशाला हात लावत नसे.
त्याच्या नातवाला मी बीजगणित शिकवलं.
कोण कुणावर जगत होतं
हा तक्ता मात्र मी मांडला नाही.

एकदा त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.
कुठला डोळा मिटायचा यात थोडा वेळ गेला.
मग तो हललाच नाही.
कार्मीननं लाल झालेलं डोकं, भोवती आकड्यांचं कडं.
"बाई, ह्यो तर गळ टाकून बसलाय!
तोंड कुठाय ह्येचं?"
तोंड नाही, येसबा.
"पोट?"
तेही नाही.
"पोट न्हाई आनि पोटात ऱ्हातोय?"
अंगभर कातडीनं जेवतो, मी म्हटलं.
"म्हंजे भूक बी अंगभर," तो म्हणाला,
आणि स्टुलावरून उठून
आपली टोपी शोधू लागला.

ती जात नवी निघाली. मी तिला त्याचं नाव दिलं.
लॅटिनच्या रिवाजानं शेवटी ई लागते,
येसबाचं झालं येसबाई.
"मला बाईमाणूस केलंत व्हय!"
अरे, हा कृमी एकाच अंगात
बाईही असतो, बाप्याही.
यावर तो इतका हसला की खोकला लागला.
छापलेलं पान बायकोनं पिठाच्या डब्यात ठेवलं,
कारण घरात कोरडी जागा तेवढीच होती.

पुढं तो गेला. पुढं महापूर आला,
प्रयोगशाळेच्या तिसऱ्या फळीपर्यंत.
बाटल्यांवरची शाई गेली, गावं गेली, तारखा गेल्या.
चिखलातून काढलेल्या काचपट्ट्या
आईच्या जुन्या पातळानं पुसल्या.
येसबाईची एक वाचली, कोपरा तुटलेली.

विद्यार्थ्यांना मी सांगत आले,
शहाणा पाहुणा यजमानाला मारत नाही.
यजमान मेला की पंगत उठते.
हे वाक्य परीक्षेला येतं, म्हणून ते लिहून घेतात.

आता वाम दिसते ती मळी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी,
पोट वर करून.
एरवी सगळी चिलापी. मी ती उघडते,
आतडं धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ.
लोक म्हणतात, चांगलंच की, कीड नाही.
मला ते ताट बघवत नाही.
त्या कृमीला आधी पाण्यातला बारीक जीव लागतो,
मग त्या जिवाला खाणारा मासा.
मधलं एक घर बंद पडलं
की पुढच्या दारापर्यंत कुणी पोचत नाही.

नातू मिरजेत मासे विकतो.
बुधवारी आतडी पाठवतो, अजून फुकट.
रात्री फोन करतो,
"मॅडम, आजा घावला का?"
नाही रे, म्हणते.
"बघा नीट. वाकडा डोळा करून बघा."
बघते, म्हणते.
दिवा लावते. स्टूल ओढते.